दिवा वर्षभर लागू दे

पेडण्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर फणसाच्या लाकडाचे एक बाकडे होते. आजोबा त्यावर बसून सुपारी कातरायचे. वर्षातल्या एका रात्री मात्र ते बाकडे घरी नसायचे. जत्रेला दशावतारी मंडळी आली की दोन माणसे येऊन ते उचलून देवळापुढच्या मांडावर न्यायची. पालखी फिरून झाली की मध्यरात्री नाटक उभे राहायचे. मागे एक पडदा, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज, मधोमध आमचे बाकडे. रंगमंचावर दुसरी वस्तू नसायची. राजा आला की ते सिंहासन व्हायचे, राणी रुसून आडवी झाली की पलंग, देव वर चढून उभा राहिला की कैलास. आम्ही पोरे डोळे ताणून बसलेली असायचो आणि आम्हांला कैलासच दिसायचा.

सकाळी बाकडे परत ओट्यावर यायचे. आठ वर्षांची मी त्यावर बसायला धजत नसे. रात्री ज्यावर रावण बसला, त्यावर पाय हलवत पेज कशी खायची? आजोबा म्हणाले, "बाकडो तो बाकडोच गो. बसतलो तो राजा."

पुढे मी आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात शिकले, लग्न होऊन साखळीला आले आणि गेली चोवीस वर्षे डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते आहे. वस्तू कशी असावी याबद्दल खूप वाचले, पण आजोबांच्या त्या वाक्याच्या पुढे फार गेले असे मला वाटत नाही. चार फळ्यांच्या बाकड्यात राजाला जागा असते, ती बसणाऱ्याने आणि बघणाऱ्याने मिळून काढायची असते. वस्तूशी असा खेळ मांडता येतो, हे आमच्या गावांना कुणी शिकवावे लागले नाही.

हे आज लिहायचे कारण असे. हल्ली घरसजावटीच्या पानांवर गमतीदार दिव्यांची आणि खुर्च्यांची छायाचित्रे दिसतात. कोंबडीच्या आकाराचा दिवा, ढगासारखा सोफा, झाड होऊन उभे राहिलेले कपाट. मला या वस्तू आवडतात. घरात हसू आणणारी वस्तू असावी, यात वावगे काही नाही. पण या पानांवर पेडणे नसते, डिचोली नसते. खेळकर डिझाइन ही परदेशातून किंवा मोठ्या शहरातून येणारी चीज आहे, असे आमची मुले धरून चालतात. ते खरे नाही. आमच्या या दोन तालुक्यांत खेळकर वस्तू घडवणारे हात भरपूर आहेत. आपण त्या हातांना वर्षातले मोजके दिवस देतो आणि बाकीचे वर्ष बाजारातून आणलेल्या, कुणाचीच ओळख नसलेल्या वस्तूंबरोबर काढतो. हे बदलता येईल, आणि त्यासाठी माझ्याकडे एक साधा प्रस्ताव आहे.

आधी ते मोजके दिवस पाहू. शिगम्यात पेडणे, डिचोली आणि सत्तरीत घोडेमोडणी निघते. लाकडी तोंडाचा, बांबूच्या सांगाड्याचा, कापड पांघरलेला घोडा नाचणारा कमरेला बांधतो. पाय माणसाचे, मान घोड्याची. माणूस एकाच वेळी स्वार असतो आणि घोडाही. त्या सांगाड्याचे वजन कमरेवर नीट बसले नाही तर पाच मिनिटेही नाचता येणार नाही. म्हणजे त्या गमतीच्या आत पक्का हिशेब आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला कांगलां, कवंडळे, सुपारीचे घोस, निरफणस अशी रानातली आणि परसातली फळे बांधायची. आमच्या डिचोलीच्या बाजारात चवथीच्या आदल्या दिवसांत या फळांचे ढीग लागतात. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते, तिथे लोकांची कल्पकता पाहून थक्क व्हायला होते. दिवाळीत वाड्यावाड्यांवर आकाशकंदील आणि नरकासुर उभे राहतात. आणि कार्तिकात, त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री, आमच्या साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत दिव्यांच्या नौका सोडतात.

ही रात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा यावे. विठ्ठल मंदिराच्या बाजूला नदीचे दोन्ही काठ माणसांनी भरलेले असतात. लोक महिनाभर खपून घरी बांधलेल्या नौका घेऊन येतात. कुणाची शिडाची, कुणाची राजहंसाच्या तोंडाची, कुणाची थेट जहाजासारखी मजल्यांची. प्रत्येक नौकेत दिवे. काळ्या पाण्यावर त्या निघाल्या की एकेक नौका दोनदा दिसते, एकदा वर आणि एकदा खाली.

काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या मुलांनी एक नौका केली. बांबूच्या कांबी, पतंगाचा कागद, आत बॅटरीवरचे दिवे. दिसायला देखणी. पाण्यात सोडली आणि वीस हातांवर जाऊन कलंडली. बॅटरी वरच्या मजल्यावर बसवली होती, ते मला आधी कळायला हवे होते. मुले रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तीच नौका पाण्याच्या टबात ठेवून बघत बसलो. बॅटरी तळाशी नेली, खाली दोन गुंडे ठेवले, ती उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, "टीचर, नदी हलवतेच आहे, तर हलणारेच काही करूया." पुढच्या वर्षी त्यांनी कुर्ली केली. प्रवाहाने तळाची फळी हलली की कुर्लीचे कागदी पाय हलायचे. काठावरची लहान मुले तिच्याबरोबर धावत गेली. एका वर्षात त्या मुलांना गुरुत्वमध्य कळला, आणि नदीशी भांडण्याऐवजी तिला खेळात घ्यायचे असते हेही कळले.

त्या कुर्लीचे पुढे काय झाले? शाळेच्या माळ्यावर दोन पावसाळे काढून ती कुजली. आकाशकंदिलांचे हेच होते, नरकासुर तर पहाटे जाळायचाच असतो. सणाची वस्तू सणाबरोबर जावी, यात एक सौंदर्य आहे, ते मी मानते. माझी तक्रार वस्तू गेल्याची नाही. त्या वस्तूतून कमावलेली अक्कल घरात येत नाही, ही आहे. ज्या घरातला मुलगा बांबूच्या कांबी वाकवून बारा कोनांचा कंदील करतो, त्याच घरात तो डोळ्यांत खुपणाऱ्या पांढऱ्या ट्यूबखाली अभ्यास करतो.

सणाचा कंदील घरचा दिवा होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि जपानने ते करून दाखवले आहे. गिफू हे तिथले कंदिलांचे जुने गाव. बांबूच्या बारीक कांबी गोल फिरवून त्यावर तुतीच्या सालीपासून केलेला कागद चिकटवायचा, ही तिथली पिढीजात विद्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा खालावला. १९५१ मध्ये इसामू नोगुची हा जपानी-अमेरिकन शिल्पकार गिफूला गेला असता तिथल्या महापौरांनी त्याला मदत मागितली. नोगुचीने कारागिरांची पद्धत तशीच ठेवली, आत विजेचा दिवा घेतला आणि सणाचे चित्र काढून टाकून नुसता आकार ठेवला. कुठे चेंडू, कुठे खांब, कुठे दुमडलेला दगड. या दिव्यांना त्याने नाव दिले 'आकारी', म्हणजे प्रकाश. त्यांचे शंभरांहून अधिक प्रकार त्याने केले आणि आजही ते गिफूमध्येच हाताने तयार होतात. कारखाना गावाबाहेर गेला नाही, विद्या गावातच राहिली. बांबू, कागद आणि खळ. आमच्या साखळीच्या माजघरात दिवाळीआधी हेच तर पसरलेले असते.

दुसरे उदाहरण इटलीचे. आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिलियोनी या भावांनी १९५७ मध्ये ट्रॅक्टरची पत्र्याची सीट एका वाकवलेल्या पोलादी पट्टीवर बसवली, खाली एक लाकडी आडवी दांडी दिली आणि स्टूल केले. नाव ठेवले 'मेद्झाद्रो', म्हणजे अर्धेलीने जमीन कसणारे कूळ. ज्या गोव्यात कूळ या शब्दावर पिढ्यांची भांडणे झाली आणि कायदे झाले, तिथल्या माणसाला हे नाव चटकन भिडेल. शेतात घामाने भिजलेली सीट दिवाणखान्यात मानाने आली. बघणारा आधी हसतो, मग बसतो, आणि सीट किती विचाराने घडवलेली आहे हे त्याला कळते. याच भावांनी १९६२ मध्ये मोटारीच्या पुढच्या दिव्याचा उभा दिवा केला आणि त्याची वायर वर न्यायला मासेमारीच्या गळकाठीच्या कड्या वापरल्या.

या दोन उदाहरणांवरून माझे मत असे झाले आहे की खेळकर वस्तूची खरी परीक्षा चाळिसाव्या दिवशी होते. पहिल्या दिवशी कुठलीही विचित्र वस्तू हसवते. चाळिसाव्या दिवशीही ती हातात घ्यावीशी वाटली, तिच्या गमतीचा कामात उपयोग झाला, तर ती टिकली. आमच्या जुन्या घरांतल्या वस्तू या परीक्षेत कधीच पास झालेल्या आहेत. आदोळी घ्या. नारळ खवायचे हत्यार आणि बसायचा पाट एकच, आणि आपल्याच वजनाने हत्यार जागच्या जागी राहते. डिचोलीच्या कुंभारांच्या मातीतून दिवजा घडतात. तळहातावर मावणारा पाच वातींचा दिवा, सुवासिनी तो हातात घेऊन देवळाभोवती फिरतात. चालत्या माणसाच्या हातातला दिवा म्हणून त्याचा आकार ठरला आहे. पेडण्याची हद्द ओलांडली की सावंतवाडी, तिथल्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे आणि भातुकली रंगत आली. माझ्या लहानपणी घरी आणलेला तिथला लाकडी आंबा पाहुणे हमखास चाकू मागवून कापायला बघायचे.

मग अडते कुठे? मला तीन ठिकाणी अडलेले दिसते.

पहिले, आपण हातांना वेगवेगळी नावे दिली आहेत. किनाऱ्यावरच्या हॉटेलात जो विणलेला दिवा टांगतो तो डिझायनर. त्याच विणीची सुपे आणि रोवळ्या करणारी बाई कारागीर, तीही 'बिचारी'. मांद्र्याच्या बाजूला एका हॉटेलात मी बांबूच्या दिव्याखाली जेवले. दिवा सुंदर होता, विचारले तर बालीहून आल्याचे सांगितले. माझ्याबरोबरची सहशिक्षिका वर बघून म्हणाली, "ही तर आमची कोंबड्या झाकायची टोपली." ती टोपली विणणारे घर तिथून तासाभराच्या अंतरावर आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ चालू आहे, जग पेडण्यातच उतरते आहे. त्या जगाला आम्ही पेडण्यात बालीचा दिवा दाखवणार असू, तर त्यात पेडण्याच्या हातांचा दोष नाही.

दुसरे, आपल्या स्पर्धा एका रात्रीच्या आहेत. मी गावोगावच्या आकाशकंदील स्पर्धांत परीक्षक म्हणून बसले आहे. आकार किती मोठा, काम किती बारीक, यावर गुण द्यायचे असतात. हा दिवा महिनाभर टिकेल का, बल्ब गेला तर बदलता येईल का, असे गुणपत्रिकेत कुठेच नसते. जे विचारले जात नाही ते मुले शिकत नाहीत.

तिसरे, काम करणारे हात एकमेकांना भेटत नाहीत. डिचोली तालुक्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पण खाणींच्या ट्रकांच्या गॅरेजांत लोखंड वाकवणारी आणि जोडणारी माणसे इथेच आहेत. कुंभार आहेत, बांबू विणणारे आहेत, सुतार आहेत, आणि कल्पना सुचणारी मुले शाळेत आहेत. गॅरेजवाल्याला कुंभार काय करतो हे माहीत नाही आणि मुलांना दोघांचीही दारे माहीत नाहीत.

म्हणून माझा प्रस्ताव. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आकाशकंदील स्पर्धा घेणाऱ्या प्रत्येक मंडळाने, पंचायतीने आणि नगरपालिकेने यंदा एक नवा गट ठेवावा: 'वर्षभराचा दिवा'. नियम चारच. दिवा घरात रोज वापरता यावा. बल्ब आणि वायर घरच्या माणसाला बदलता यावी. दिव्यात एका तरी स्थानिक कारागिराचे काम असावे आणि त्याचे नाव स्पर्धकाच्या नावाशेजारी, त्याच अक्षरात लिहावे. आणि चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा: बक्षिसाची अर्धी रक्कम यंदा द्यावी, उरलेली अर्धी पुढच्या दिवाळीत, दिवा चालू स्थितीत आणून दाखवल्यावर. मधे एक गोव्याचा पावसाळा जाईल. बुरशी, वाळवी, ओल आणि घरातली लहान मुले यांच्याइतके कडक परीक्षक दुसरे नाहीत.

हे जमण्यासारखे आहे, कारण तंत्राने आता बाजू घेतली आहे. जुना चाळीस वॅटचा बल्ब तापायचा, कागद जपून लांब ठेवावा लागे. आज तेवढाच उजेड पाच वॅटचा एलईडी देतो आणि कागदाला त्याची फारशी धग लागत नाही. खोक्यावर २७०० के लिहिलेला बल्ब घेतला तर उजेड जुन्या बल्बासारखा पिवळसर पडतो. ६५०० के म्हणजे तो डोळ्यांत खुपणारा पांढरा. बांबू पोखरणारा किडा त्यातल्या पिष्टावर जगतो, म्हणून जुनी माणसे तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात शोधायला नको, वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारले की मिळते.

पुढची जबाबदारी विकत घेणाऱ्यांची. प्रत्येक पंचायतीने आपल्या वाचनालयासाठी, प्रत्येक हायस्कूलने आपल्या एका खोलीसाठी, किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलाने निदान एका व्हरांड्यासाठी असे दहा दिवे घ्यावेत. एक दिवा घेणे म्हणजे कौतुक, दहा घेणे म्हणजे काम. कारागिराच्या मुलाला कौतुकापेक्षा कामाची गरज आहे. तो धंद्यात राहत नाही याचे कारण आळस नाही. चवथ आणि दिवाळी संपली की हातात पैसा येत नाही, हे कारण आहे.

काहीजण म्हणतील, बाजारात दोनशे रुपयांत दिवा मिळतो, हा हजाराला पडेल. पडेल. पण तो बिघडला तर आपण दुरुस्त करू, आणि दिलेला पैसा तालुक्यातच फिरेल. माझ्या सासूबाईंची शंका अधिक खोल होती. सणाची कला विकायला काढली तर तिचे पावित्र्य राहील का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना तुळशीपुढच्या पणतीकडे बोट दाखवले. ती रोज लागते, म्हणून तिचा मान कमी झाला का? उलट रोज लागते म्हणूनच ती तुळशीची पणती. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग चांगला कर. कसातरी नको."

मी हे कागदावरचे स्वप्न सांगत नाही. गेल्या वर्षी वर्गात हा प्रयोग केला. नववीतल्या एका मुलाचे घर नदीकाठी आहे, त्याचे वडील फावल्या वेळात गळ टाकून बसतात. त्याने बांबूची एक काठी मधोमध टेकूवर तोलली. एका टोकाला मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यातून केलेली जाळीदार टोपी आणि आत बल्ब. दुसऱ्या टोकाला काथ्याच्या जाळीत नदीतला गुंडा. टेकू गॅरेजमध्ये वाकवून घेतला, सापळा शेजारच्या म्हाताऱ्याकडून विणून घेतला. दिवा ओढला की वहीवर उतरतो, ढकलला की छताकडे जातो आणि सोडाल तिथे राहतो. पेटवला की भिंतीवर जाळ्याची सावली पडते आणि त्याची धाकटी बहीण त्या सावलीत बोटांचे मासे सोडते. साहित्याला चारशे रुपयांच्या आत खर्च आला. मी त्याला कास्तिलियोनी भावांच्या गळकाठीच्या कड्यांच्या दिव्याचे चित्र दाखवले. त्याने बराच वेळ पाहून विचारले, "टीचर, हेही नदीकाठचेच होते?"

या पावसाळ्यात मी मुद्दाम त्याच्या घरी गेले. चौथा नियम माझ्या मनात तेव्हाच तयार होत होता. दिवा चालू होता. टोपीचा बांबू ओल पिऊन जड झाला होता आणि दिवा आपोआप खाली यायला लागला होता. मुलगा शाळेतून यायचा होता. त्याच्या आईने सांगितले की यावर तिने उपाय केला आहे. मला जाळी दाखवली. मोठ्या गुंड्याशेजारी तिने अंगणातून उचललेला एक लहान खडा टाकला होता.